नाल्यावरची पूल कंपनी

भावनाताईंना नाल्यावर पूलबिल काही बांधायचा नव्हता. त्यांना फक्त चार म्हाताऱ्यांना बोलतं करायचं होतं. पण फौजेच्या इंजिनियर पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाला नुसतं "बोला" म्हटलं की काय होतं, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पुढचं वाचावं. ज्यांच्या घरात असा एखादा आहे त्यांनी नाही वाचलं तरी चालेल, त्यांना आपले हाल पाठ आहेत.

दरवर्षी नोव्हेंबरात भावनाताईंच्या कामठी रोडवरच्या घरी पूल कंपनीची माणसं जमायची. कंपनी म्हणजे कारखाना नव्हे, फौजेतली कंपनी. पुरानं, दरडीनं नाहीतर शत्रूनं जिथं रस्ता तोडला तिथं लोखंडी पूल टाकून गाड्या पलीकडे काढून द्यायच्या, हे तिचं काम. भावनाताईंचे यजमान धम्मानंद तिथं हवालदार होते, आणि हा मेळावा तेच भरवायचे. एके काळी अंगणात मांडव घालावा लागे. मग मांडव गेला, नुसत्या सतरंज्या राहिल्या. मग सतरंज्याही माळ्यावर गेल्या आणि माणसं सोफ्यावर मावू लागली. धम्मानंद गेले त्या वर्षी भावनाताईंना वाटलं, आता कोण येतं. तर ठरल्या दिवशी सकाळी दाढ्या करून, बुटांना पॉलिश मारून चौघं दारात हजर.

"वहिनी, फॉलइन," भैय्याजी म्हणाले, जणू उशीर भावनाताईंनाच झाला होता.

भैय्याजी खाप्याचे, निवृत्त सुभेदार, चौघांत वडील. नत्थूजी एकेकाळी नदीत बुडी मारून तळ पाहणारे. पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळे असेल, पण पाण्याबाहेरही बोलत नसत. अंकुश साठी ओलांडलेला, तरी सगळे त्याला पोऱ्याच समजत. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नसे. आणि कन्हानचे केशव, कंपनीचे स्वयंपाकी. भारताच्या सीमेवरचा प्रत्येक पूल आपल्या चहावर उभा राहिला असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

गेल्या नोव्हेंबरात तर्री-पोह्यांच्या प्लेटी रिकाम्या झाल्यावर केशव सहज बोलून गेले, "एका ऑटोत मावते गा आता आपली कंपनी."

बाकीचे हसले. भावनाताईंना मात्र हसू आलं नाही. त्यांचा हिशोब वेगळा होता. धम्मानंदांची सारी उमेद त्या कंपनीत गेली. घरी ते सुटीपुरते यायचे, आणि आले की चादरीच्या कोपऱ्याला कोपरा जुळवायचे, नळाचा वायसर बदलायचे आणि "हो", "नाही", "वाढ" एवढ्या तीन शब्दांत महिना काढायचे. निवृत्त झाल्यावर शब्दांत "औषध" या एका शब्दाची भर पडली. म्हणजे नवऱ्याचा मोठा भाग या चौघांजवळ ठेव म्हणून पडून होता, आणि ठेव सांभाळणारी माणसं दर साली कमी होत होती. हे चौघं गेले की धम्मानंद उरणार फक्त भिंतीवरच्या फोटोत, आणि त्या फोटोत तर ते "हो"सुद्धा म्हणत नसत.

म्हणून त्यांनी ठरवलं, कंपनीचा इतिहास लिहून काढायचा. पुण्याच्या लेकीनं, प्रीतीनं, फोनवर आवाज कसा भरायचा ते फोनवरूनच शिकवलं. आधी लेक चिडली, मग आई चिडली, मग फोन चालू झाला. भावनाताईंनी तो टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाल्या, "बोला आता."

चौघांच्या पाठी ताठ झाल्या. भैय्याजींनी शर्टाचं वरचं बटन लावलं.

"मी सुभेदार भैय्याजी, मुक्काम खापा. कंपनीले जे काम देण्यात आलं ते कंपनीनं टाइमात पूर्ण केलं." मग त्यांनी थोडा विचार केला. "जय हिंद."

नत्थूजी म्हणाले, "हेच." अंकुशनं विचारलं, "सुरू झालं का?" आणि केशवांनी बर्फात चहाला उकळी किती उशिरा येते यावर एवढं सांगितलं की फोनच गरम झाला.

"आणि हे?" भावनाताईंनी फोटोकडे मान वळवली. "हे कसे होते तुमच्यात?"

"चांगला माणूस होता," भैय्याजी म्हणाले.

"डिसिप्लिनचा," अंकुश म्हणाला.

केशव चहाच्या कपात तोंड घालून खुदकन हसले. भैय्याजींचं कोपर त्यांच्या बरगडीत गेलं. मग चौघंही वर पंख्याकडे पाहू लागले, जसा काही तो त्यांनी आत्ताच जोडला होता.

भावनाताईंनी जन्मभर सासर सांभाळलं होतं. घरातली माणसं एकदम पंख्याकडे पाहू लागली की त्याचा अर्थ काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. काहीतरी होतं, आणि ते त्यांच्यापासून लपवलं जात होतं.

आता या घरामागून एक नाला वाहतो. वाहतो म्हणजे पावसाळ्यात वाहतो, एरवी पडून असतो. नाल्यापलीकडे भाजीचे ठेले, किराणा आणि कामठीच्या ऑटोंचा थांबा. तिकडे जायचं तर गिरणीपर्यंत वळसा घालून तिथल्या पुलावरून जायचं, आणि परत येईतो कोथिंबीर मान टाकते. नत्थूजी हात धुवायला मागच्या अंगणात गेले ते बराच वेळ परतले नाहीत. भावनाताई पाहायला गेल्या, तर ते नाल्याच्या काठावर उकिडवे बसून पलीकडे एकटक पाहत होते.

"वहिनी, हा गॅप केवढा हाय?"

एवढंच विचारलं. पण आतून तिघं असे उठून आले जसं कुणी शिट्टी मारली. चौघं काठावर बसले, आणि भावनाताईंच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जिभा सुटल्या. इथली माती पाहून आसामची माती निघाली. आसामवरून निघाला अंकुश, जो तरंगत्या पुलाच्या नावेत झोपला आणि नाव सुटून खाली वाहत गेला, तो दुसऱ्या गावच्या कोळ्यांनी हार घालून परत आणून दिला.

"हार त्याहिनं नावेले घातला होता," नत्थूजी म्हणाले. "मंधात हा होता."

भावनाताई फोन आणायला धावल्या. फोन घेऊन येईपर्यंत चौघांच्या पाठी परत ताठ झाल्या होत्या. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की या माणसांची जीभ तोंडात नसतेच, हाताला बांधलेली असते. हात रिकामे ठेवून बोल म्हटलं तर जय हिंदच्या पुढे गाडी जायची नाही. फोन पदराखाली लपवत त्या अगदी सहज बोलल्या, "इथं एखादा लहानसा पूल असता, तर बरं झालं असतं वं बाई."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. भैय्याजी उभे राहिले.

"वहिनीनं पूल मागितला," ते म्हणाले. मग त्यात बदल होण्यासारखं काही उरलं नाही.

पुढच्या रविवारी रेकी झाली. रेकी म्हणजे जागेची पाहणी, पण पाहणी म्हटलं तर माणूस पाहून घरी जातो. रेकी म्हटलं की जेवून जातो. नाल्याच्या थेट पलीकडे दत्तोपंतांचं घर. दत्तोपंत एका सरकारी खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले; "रीतसर" या शब्दावर त्यांचा मुलासारखा जीव. ते त्यांच्या शेवंतीच्या वाफ्याला पाणी घालत उभे होते. चौघं म्हातारे टेप काढताना दिसले तसे ते पुढे आले आणि त्यांनी मोठ्या भल्या मनानं हात पुढे केला.

"टेपचं टोक इकडे टाका. मी धरतो."

भैय्याजींनी टेप परत खिशात ठेवला. कंपनीत शिकवलेलं त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. जोवर पूल जाऊन टेकत नाही तोवर पल्याडचा काठ आपला नसतो. तिथला माणूस आपला नसतो. त्याच्या हाती टेपचं टोक द्यायचं म्हणजे झालंच मग.

"अहो, मी धरतोय ना," दत्तोपंत म्हणाले.

"गरज नाई, साहेब," भैय्याजी म्हणाले. "आम्ही इकडूनच मोजतो."

हे काम नत्थूजींचं. त्यांनी डोक्यावरची टोपी पुढे ओढली, मान खाली घालत घालत टोपीची कड बरोबर पलीकडच्या काठाला भिडवली, मग मान तशीच ठेवून जागच्या जागी पाठमोरे फिरले. आता टोपीची कड आपल्या बाजूच्या जमिनीवर जिथं टेकेल, तेवढीच नाल्याची रुंदी. सगळं फौजेच्या शिस्तीत चाललं होतं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गच्चीवरून यमुताईंनी विचारलं, "भाऊ, कोण पाहिजे?"

नत्थूजी सभ्य माणूस. बाईमाणसानं विचारलं तर मान वर करून उत्तर द्यावं म्हणून त्यांनी मान वर केली. "कोणी नाई," म्हणाले आणि मान परत खाली घातली. किती खाली, हा प्रश्न त्यांना त्या वेळी पडला नाही. पुलाचं भवितव्य तिथंच ठरलं.

यमुताईंचा पुलाला विरोध होता. घराच्या मागून वाट काढली की लक्ष्मी मागच्या मागे निघून जाते असं त्यांचं म्हणणं. "पुढच्या दारातून येते कधी ते दिसतच नाई," भावनाताई म्हणाल्या, "मागून जातानी तरी दिसन."

परवानगीसाठी भावनाताई रीतसर कचेरीत गेल्या. टेबलामागच्या गृहस्थांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की नाल्याचं पाणी त्यांच्या खात्याकडे आहे, काठ दुसऱ्या खात्याकडे. "पण पूल काही पाण्याला लागणार नाही, काठावर नुसता टेकणार. म्हणजे प्रश्न राहतो मधल्या हवेचा. ती कोणाकडे येते ते बघावं लागेल. तुम्ही पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात त्या गेल्या तर ते गृहस्थ बदलून गेले होते, आणि नव्या गृहस्थांना हवेचा विषय आधीपासून समजावून द्यावा लागला.

"परमिशनची वाट पाहत बसलो असतो," भैय्याजी म्हणाले, "तर ब्रिगेड आजून अल्याडच चहा पीत राहिली असती. आपला पूल टेम्परवारी हाय, वहिनी. टेम्परवारीले कोणी विचारत नाई."

कामठीत एक जुनी यंत्रमागाची शेड मोडली होती. तिच्या छपराचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या अंकुशनं हेरून ठेवल्या होत्या. एका सकाळी त्या टेम्पोतून उतरल्या आणि भावनाताईंचं अंगण भरून गेलं. स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडू लागलं, त्यामुळे भाकरी खिडकीतून बाहेर जाऊ लागल्या. स्कूटी कैच्यांच्या मागे अडकली ती पूल होईस्तो अडकूनच राहिली. नातेवाइकांकडची दोन लग्नं भावनाताईंनी ऑटोनं केली. पण त्यांची तक्रार नव्हती. फोन पदराखाली चालू होता आणि चौघं बोलत होते. बोल्ट कसता कसता बोलत, फळ्यांना रंग मारता मारता बोलत. कुठल्या नदीचं पाणी गोड, कुठल्या साहेबाच्या घोरण्यानं तंबूची खुंटी निघाली, सगळं. फक्त गोष्टीत धम्मानंद आले की गोष्ट वळसा घेऊन गिरणीकडून जायची. "मंग धम्मानंदनं..." असं केशव म्हणत, आणि भैय्याजी लगेच म्हणत, "पाना दे."

पूल टाकायच्या दिवशी सगळी कॉलनी गच्च्यांवर आली. पुलाचा सांगाडा अंगणातच जोडून तयार. खाली पाइप घातलेले, त्यावरून तो ढकलत ढकलत पलीकडे न्यायचा, हवेतून, कुणीही पलीकडे पाय न ठेवता.

"आवाज नाई," भैय्याजींनी हुकूम दिला. "इशाऱ्यावर काम. सायलेंट."

"आवाजाशिवाय जमते का कधी हे," केशव पुटपुटले, आणि कोपर त्यांच्या बरगडीत गेलं.

खरं तर भर उन्हात, गच्च्यांवरून "डावीकडे घ्या", "अजून थोडं", "आमच्या गावी असाच पडला होता" अशा आरोळ्या चाललेल्या असताना गुपचूप काम करण्यात काय हशील होतं ते भावनाताईंना कळेना. पण काम मात्र झालं. भैय्याजी हात वर करत, तिघं ढकलत, पूल एकेक वीत पुढे सरके. नाल्याच्या मधोमध त्याचं टोक लोंबत राहिलं तेव्हा गच्च्याही गप्प झाल्या. मग ते पलीकडच्या काठावर पोहोचलं. आणि थांबलं नाही. नत्थूजींची मान जेवढी वर राहिली होती, तेवढा पूल लांब झाला होता. तो काठ ओलांडून सरळ दत्तोपंतांच्या शेवंतीत घुसला आणि पिवळ्या फुलांच्या ऐन मध्यात जाऊन बसला.

दत्तोपंत झारी घेऊन उभे होते. अंकुश पुलावरून चालत जाऊन त्यांच्यापुढे खटकन उभा राहिला, मागे वळून भैय्याजींना ओरडून म्हणाला, "काठ ताब्यात आला, साहेब."

त्याच दुपारी दत्तोपंतांनी रीतसर तक्रार केली.

पण तक्रारीचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, पूल तर पडला होता, आणि पडलेल्या पुलावरून माणसं चालतातच. यमुताई दुसऱ्या दिवसापासून भाजीला त्यावरूनच जाऊ लागल्या. लक्ष्मीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. दर रविवारी कंपनी पुलाच्या देखभालीला येऊ लागली. देखभाल म्हणजे घट्ट असलेला बोल्ट सैल करायचा आणि परत घट्ट करायचा. नोव्हेंबरातला एक दिवस फुटून त्याचे हिवाळाभराचे रविवार झाले. भावनाताईंनी शेगडीवरचं मोठं पातेलं पुन्हा माळ्यावर ठेवलंच नाही.

एका रविवारी दत्तोपंत पुलावरून अल्याड आले. येणारे-जाणारे फुलं तोडतात, ही तक्रार तोंडी नोंदवायची होती. तोंडी तक्रार म्हटल्यावर केशवांनी त्यांच्या हातात चहा दिला. चहा संपेस्तो आसामचा पूर आला होता आणि अंकुश नावेत झोपला होता. आता तो कसा परत आला हे ऐकल्याशिवाय उठणं दत्तोपंतांना जमेना. पुढच्या रविवारी ते पेपर घेऊनच आले. "पल्याडचे साहेब आले," भैय्याजी म्हणत आणि खुर्ची सरकवत. संक्रांतीच्या सुमारास दत्तोपंतांनी एक गवंडी बोलावून पुलाचं आपल्या बाजूचं टोक सिमेंटमध्ये पक्कं करून घेतलं, वर दोन छानशा पायऱ्या, बाजूला शेवंतीसाठी कठडा. कुणाला न सांगता केलं. दाखवताना त्यांचा चेहरा खुलला होता. भैय्याजींनी त्या सिमेंटवर बुटाची टाच हलकेच आपटून पाहिली.

"पक्कं करून टाकलं," ते म्हणाले. कौतुक होतं की नाही ते कळलं नाही.

मार्चात कूलरच्या खसच्या ताट्या बदलायचे दिवस आले आणि नोटीस आली. दत्तोपंतांची तक्रार तीन टेबलं, दोन खाती आणि मधली हवा पार करून निकालापर्यंत पोहोचली होती. नाल्यावरचं अनधिकृत बांधकाम स्वतःहून काढून घ्या, नाहीतर ठरल्या तारखेला मशीन येऊन काढेल.

दत्तोपंत तडक कचेरीत गेले. तक्रार मागे घेतो म्हणाले. आयुष्यभर ज्या भाषेत त्यांनी लोकांना उत्तरं दिली त्याच भाषेत त्यांना उत्तर मिळालं.

"तक्रार तुम्ही केली तोवर ती तुमची होती. दाखल झाल्यावर ती आमची. आमची तक्रार तुम्ही कशी मागे घेणार?"

ते पुलावरून अल्याड आले आणि खुर्चीवर बसले. पेपर आणला नव्हता. "भावनाताई," ते म्हणाले, "मी सगळं रीतसर केलं हो." एवढंच बोलून आपल्या चपलांकडे पाहू लागले. भावनाताईंनी त्यांना पाणी दिलं. रागवायचं त्यांच्या मनात होतं, पण शेवंतीत पूल घुसवून घेतलेल्या माणसावर किती रागवणार.

खरी धास्ती होती खाप्याला फोन लावायची. म्हाताऱ्या माणसाला सांगायचं कसं, की तुमचा पूल पाडायचा आहे. त्यांनी आवाज मऊ करून, आडवळणानं, तब्येत विचारून, नातवंडं विचारून अखेर सांगितलं.

"कधीची तारीख देली?" भैय्याजींचा आवाज एकदम तरुण झाला. "म्हणजे काढाचा हाय? मंग मशीन कायले पाह्यजे? आम्ही येतो नं."

"तुम्हाले वाईट नाई वाटून राहिलं?"

"वाईट काहून? वहिनी, कंपनीनं टाकलेला एकबी पूल आज जाग्यावर नाई. पक्का पूल झाला का आपला काढाचा, मोजून गाडीत भराचा, पुढच्या नदीवर जाचं. टाकणं अर्धं काम, काढणं अर्धं. आपलं तं अर्धंच झालं होतं." मग त्यांनी आवाज उतरवला. "एक त्या सिमेंटचंच मले टेन्शन हाय."

भावनाताईंनी फोन ठेवला आणि त्यांना आपलंच वाईट वाटू लागलं. पूल गेला की रविवार जाणार. रविवार गेले की पुन्हा नोव्हेंबर, आणि नोव्हेंबरात ऑटोतली एखादी जागा मोकळी असली तर? फोनमध्ये आता आसाम होता, सिक्कीम होतं, केशवांचा चहा तर समुद्राएवढा होता. धम्मानंद मात्र अजून पानाच होते. त्यांचं नाव आलं की कुणीतरी पाना मागे.

मशीन यायच्या आदल्या सकाळी चौघं आले, बुटांना पॉलिश मारून. फळ्या भराभर निघाल्या. कठडे निघाले. कैच्या जोडून केलेली लांब कैची तेवढी उरली, आणि तिला पलीकडून दत्तोपंतांच्या सिमेंटनं अशी मगरमिठी मारली होती की ऐन उमेदीत त्यांनी शेवंतीलाही तेवढं जपलं नसेल. दत्तोपंत धोतर खोचून स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसले, आपल्याच पायऱ्या फोडू लागले. थोडं निघालं, थोडं राहिलं.

"आता एक झटका एकदम बसला पाह्यजे," भैय्याजी म्हणाले. "साऱ्याहिचा एकदम."

त्यांनी हात वर केला. नत्थूजींनी ओढलं, मग केशवांनी ओढलं, आणि अंकुश यमुताईंच्या हाताकडे पाहत होता, कारण त्या गच्चीवरून कुणाला तरी बोलावत होत्या. कैची एका अंगाला तिरपी झाली आणि अडकून बसली. पुन्हा हात वर केला, पुन्हा तेच. पूर्वी ती पाइपांवरून सरकत गेली होती, तेव्हा एकानं आधी ढकललं काय आणि नंतर काय. आता सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा होता आणि चार म्हाताऱ्यांचे चार क्षण जुळत नव्हते. ऊन चढलं. भैय्याजी काठावर बसले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या वयाएवढे दिसले. उद्या मशीन येऊन कंपनीचा पूल वाकवून, मोडून नेणार होतं.

"साहेब," केशव म्हणाले, "आता तरी."

"वहिनी समोर हाय."

"समोर हाय म्हणजे?" भावनाताई म्हणाल्या. "मी समोर असलं तं काय होते? नोव्हेंबरापासून पाहून राहिली मी. ह्यायचं नाव निघालं का पाना. काय केलं होतं ह्यायनं?"

कुणी पंख्याकडे पाहू शकत नव्हतं, कारण अंगणात पंखा नव्हता. शेवटी नत्थूजी बोलले.

"अशा टाइमाले धम्मानंदचा आवाज लागतो, वहिनी."

"ह्यायचा आवाज?" भावनाताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुकरची शिट्टी झाली का ह्यायचा आवाज ऐकू नाई ये घरात."

"पुलावर दोन्ही काठांवर जाय," नत्थूजी म्हणाले. "तो बोल देत होता. तो म्हणे, आम्ही हैय्या म्हणो, अन् लोखंड उचलल्या जाय. सारी कंपनी त्याच्या बोलावर उचलत होती. स्वतःच जुळवे तो, जाग्यावर."

"मंग हे सांगायले काय झालं होतं?"

तिघांनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी बुटाच्या नाडीला म्हणाले, "त्याच्यात तुमचं नाव हाय. दरेक बोलात."

भावनाताईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊन वाढून राहिलं. घ्या उचलायले."

चौघांनी जागा घेतल्या. पलीकडून दत्तोपंतांनी पहार लावली. माणूस कमी होता, तेव्हा पल्याडचा काठही कामाला घ्यावा लागला. केशवांनी घसा खाकरला. त्यांचा आवाज काही धम्मानंदांचा नव्हता, पण हिमालयात लंगरच्या तंबूतून त्यांनी तो रोज ऐकला होता.

"घरून निघालो..."

"हैय्या."

"डबा इसरलो..."

"हैय्या."

"भावना म्हणे..."

"हैय्या," आणि पलीकडून एक उशिरा, रीतसर, "हैय्या."

"डोकं बी इसरा..."

कैची सरळ झाली. गच्चीवर यमुताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. भावनाताईंना आठवलं, हे वाक्य त्यांचंच होतं. सुटी संपवून निघालेल्या नवऱ्याला दारात म्हटलेलं, रागानं, कारण रडायचं नव्हतं म्हणून. ते त्यानं डब्याऐवजी बरोबर नेलं होतं.

"सुटी मांगतो..." केशवांचा आवाज आता उघडला होता.

"हैय्या."

"साहेब म्हणे काहून..."

"हैय्या."

"बायको रागावली..."

"हैय्या."

"राग पाहून येतो..."

सिमेंट तडकलं. आवाज एवढा मोठा झाला की तो अंकुशच्या डाव्या कानालाही गेला असावा, कारण तो दचकला. कैची सुटून हातभर अल्याड आली, आणि चौघांच्या खांद्यांवर, पोटऱ्यांवर तिचं सगळं वजन आलं. आता ती तशीच ओढून अंगणात घ्यायची होती. सगळे पुढच्या बोलाची वाट पाहत थांबले. बोल आला नाही.

"म्हणा नं पुढचं," भावनाताई म्हणाल्या.

केशवांनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजींचे कान लाल झाले होते, ते उन्हानं नव्हे.

"पुढचं वहिनीसमोर म्हणण्यासारखं नाई," ते म्हणाले. लोखंड खांद्यावरच होतं.

भावनाताईंनी डोळे पुसले नाहीत, वेळ नव्हता. पदर कमरेला खोचला, वळसा घालून अंकुशच्या मागच्या मोकळ्या जागी आल्या आणि कैचीला दोन्ही हातांनी धरलं. लोखंड चांगलंच तापलं होतं.

"मी नाई आता समोर," त्या म्हणाल्या. "मागं हाय मी. म्हणा."